पुस्तकी किंमत : एक रुपया

जपानहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने मामासाठी काय आणावं याचा काही लेखी नियम नाही. पण साधारणपणे एखादं घड्याळ, कॅल्क्युलेटर, गेला बाजार एक घडीची छत्री तरी माणूस धरून चालतो. माझ्या भाच्याने बॅगेतून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून ठेवलेला एक पारदर्शक कागद काढला आणि सत्यनारायणाचा प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. कागदावर एक तोंड होतं.

तोंड म्हणजे चेहरा नव्हे. नुसतं तोंड. वर एक वाकडी रेघ, खाली दुसरी, मध्ये थोडा लालसर रंग. नाक नाही, डोळे नाहीत, हनुवटीसुद्धा नाही.

"बाकीचा माणूस कुठाय?" मी विचारलं.

"अरे मामा, बाकीचा दुसऱ्या सेलवर असतो. कार्टूनमधला माणूस बोलताना फक्त तोंड हलतं ना? मग तेवढंच वेगळं काढतात. हा ओरिजिनल सेल आहे. हाताने रंगवलेला!"

सेल म्हटलं की मला टॉर्च आठवतो आणि आमच्या सौ.ला साड्या. त्यामुळे दोघांचीही निराशा झाली. सौ. म्हणाली, "नुसतं तोंडच आणायचं होतं तर एवढ्या लांबून कशाला आणायचं? घरात आहे की एक." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी बँकेत कारकून आहे. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळे असेल, पण कुठलीही वस्तू हातात आली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो. तोच निघाला. "केवढ्याला पडलं?"

"मामा, अशा वस्तूंना किंमत नसते रे."

"नसते म्हणजे? फुकट मिळालं का?"

शेवटी पोरगं कबूल झालं. दोन माणसांच्या थाळीचे पैसे पडले होते. म्हणाला, मालिका फारशी प्रसिद्ध नाही आणि नुसतं तोंड आहे म्हणून स्वस्त. डोळ्यांसकट चेहरा असता तर दर वाढला असता. नायकाचा पूर्ण चेहरा, तोही प्रसिद्ध मालिकेतला, म्हणजे त्याचा महिन्याचा पगार. बँकेत आम्ही तारण बघून कर्ज देतो, तसं तिथे डोळे बघून भाव ठरतो म्हणायचा.

आता हा सेल म्हणजे काय प्रकार, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी कार्टूनचा चित्रपट करायचा म्हणजे आधी कागदावर पेन्सिलीने चित्रं काढायची. मग ती सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवायची. पुढच्या बाजूने रेषा आणि मागच्या बाजूने रंग, म्हणजे रेषेवर रंग चढत नाही. हे पत्रे मागच्या देखाव्यावर एकावर एक ठेवायचे आणि वरून फोटो घ्यायचा. एका फोटोने एक चौकट होते, आणि पडद्यावर सेकंदाला अशा २४ चौकटी सरकतात. पत्रे हलू नयेत म्हणून कडेला भोकं पाडलेली असतात आणि कोपऱ्यात अनुक्रमांक लिहिलेला असतो. माझ्या तोंडालाही तो होता. भोकं आणि अनुक्रमांक पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या व्हाउचरांना तरी दुसरं काय असतं?

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भाच्याला धरून बसवलं. लोक जुन्या कार्टूनचे पत्रे, चॉकलेटबरोबर मिळालेली चित्रं आणि पत्र्याची खेळणी साठवतात, त्यांची दुकानं निघतात, लिलाव होतात, तर ह्या सगळ्या उलाढालीचं पहिलं खातं कोणाच्या नावावर आहे? भाचा म्हणाला, "ॲटमच्या." मग त्याने सांगितलं, आणि पुढे बरेच दिवस मी स्वतः वाचलं, त्यातून जी जमाखर्चाची वही तयार झाली ती पुढे मांडतो.

ओसामु तेझुका नावाचा एक मुलगा होता. जन्म ३ नोव्हेंबर १९२८, ओसाकाजवळच्या तोयोनाका इथला. वाढला ताकाराझुका गावात. त्याला किडे गोळा करायचा नाद. जपानी भाषेत 'ओसामुशी' नावाचा एक भुंगा आहे. पोराने आपल्या नावाच्या शेवटी 'मुशी' म्हणजे किडा ह्या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं आणि आयुष्यभर तेच नाव चित्रांखाली लिहिलं. आपल्याकडे एखाद्याने स्वतःच्या नावापुढे 'झुरळ' असं लिहिलं असतं तर वडिलांनी काय केलं असतं ते सांगायला नको. हा मुलगा पुढे ओसाका विद्यापीठातून डॉक्टर झाला, पण रोगी तपासण्याऐवजी चित्रकथा काढत बसला. छंदाचं अक्षर नावाला चिकटलं की असं होतं.

एप्रिल १९५२ मध्ये 'शोनेन' ह्या मुलांच्या मासिकात त्याने 'तेत्सुवान ॲटम' सुरू केला. अमेरिकेत तोच पुढे 'ॲस्ट्रो बॉय' झाला. डॉक्टर तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. दुःखाने वेडा झालेला बाप त्याच्यासारखा यंत्रमानव बनवतो. लाख अश्वशक्तीचा, आकाशात उडणारा. पण हा मुलगा काही केल्या वाढत नाही, उंची तेवढीच राहते. तेव्हा हाच बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे ओचानोमिझु नावाचे एक मोठ्या नाकाचे प्रोफेसर त्याला तिथून सोडवून आणतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर बापाने ही वस्तू निर्लेखित केली. आमच्या शाखेत एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर दरवर्षी घसारा लावून लावून तिची पुस्तकी किंमत एक रुपया उरली आहे. शून्य करत नाहीत, कारण शून्य केलं तर खुर्ची आहे हेच वहीत राहणार नाही. हा एक रुपया म्हणजे 'वस्तू अजून आहे' एवढंच सांगणारा रुपया. तेन्माने ॲटमचा तो रुपयासुद्धा ठेवला नाही. ओचानोमिझुंनी ठेवला. जगातले सगळे संग्राहक हे मला तेव्हापासून ओचानोमिझुंच्या घराण्यातले वाटायला लागले आहेत. काहींची नाकंही तशीच असतात.

तेझुकांनी नंतर स्वतःचा ॲनिमेशनचा कारखाना काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'मुशी प्रॉडक्शन'. पुन्हा किडा! १ जानेवारी १९६३ रोजी, मंगळवारी, फुजी टेलिव्हिजनवर ॲटमचा पहिला भाग लागला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग, काळा-पांढरा. ही मालिका ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत चालली. भाग झाले १९३.

आता हिशेबाला या. प्रत्येक भाग तेझुकांनी वाहिनीला उत्पादनखर्चापेक्षा पुष्कळ कमी भावात दिला. साडेपाच लाख येन हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्याबद्दल वाद घातले आहेत. पण वाद तोटा किती एवढ्याचाच आहे, तोटा होता याबद्दल नाही. असा माणूस आमच्याकडे कर्ज मागायला आला असता तर मॅनेजरसाहेबांनी चहा पाजून परत पाठवला असता.

मग धंदा चालला कसा? एक तर काटकसरीने. दुसरं म्हणजे चॉकलेटने.

काटकसर आधी सांगतो, कारण तिथेच माझी खरी ओळख पटली. सेकंदाला २४ चौकटी, पण प्रत्येकीला नवं चित्र कोण काढणार? मुशीच्या लोकांनी एका चित्राचे तीन-तीन फोटो घेतले, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं. माणूस उभा ठेवायचा आणि फक्त तोंड हलवायचं. तेही तीनच प्रकारचं : मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं. ह्या तिन्हींची आलटून पालटून लावणी केली की माणूस तासभर बोलू शकतो. (सभेतली भाषणं ऐकल्यावर ह्यात नवल वाटत नाही.) आणि सगळ्यांत मोठी युक्ती अशी, की ॲटम उडतानाची, पळतानाची, वळतानाची चित्रं एकदा काढली की टाकायची नाहीत. नीट क्रम लावून कपाटात ठेवायची आणि पुढच्या भागात मागचा देखावा बदलून पुन्हा वापरायची. ह्या पद्धतीला जपानी चित्रकारांनी नाव दिलं, 'बँक'.

हो, बँकच! आजही जपानी ॲनिमेशनवाले पुन्हा वापरलेल्या दृश्याला बँकच म्हणतात. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत कोणी आमच्या संस्थेचं नाव इतक्या प्रेमाने घेतल्याचं मला आठवत नाही. आणि कल्पना किती चोख! ठेव ठेवली चित्रांची, व्याज मिळालं वेळेचं. एका भागाला साधारण दीड-दोन हजार चित्रांत काम उरकायचं. सिनेमावाले तेवढ्याच लांबीला त्याच्या कित्येक पट चित्रं लावत.

आता चॉकलेट. मालिकेचे प्रायोजक होते मेजी सेईका. ह्या कंपनीची 'मार्बल चॉकलेट' नावाची रंगीबेरंगी गोळ्यांची पुठ्ठ्याची नळी १९६१ पासून बाजारात होती. १९६३ मध्ये तिच्याबरोबर ॲटमची चिकटचित्रं आली आणि पोरांनी दुकानं लुटायचीच बाकी ठेवली. दुसऱ्या कंपन्या गप्प बसतात की काय? त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात 'तेत्सुजिन २८' हा दुसरा यंत्रमानव ग्लिकोच्या मिठायांसकट अवतरला. ॲटमचे शर्ट, चपला, पेन्सिली, पत्र्याची खेळणी निघाली. ह्या सगळ्यांवर चित्र छापण्याचा परवाना लागे आणि परवान्याचे पैसे मुशीकडे येत. शिवाय अमेरिकेत एनबीसीने मालिका घेतली आणि १०४ भाग इंग्रजीत केले.

म्हणजे गंमत बघा. पडद्यावरचं चित्र ही कला, ती तोट्यात. नळीतलं चिकटचित्र ही जाहिरात, ती फायद्यात. पोरांनी खाल्लेल्या गोळ्यांवर ती कला जगली. म्हणून चिकटचित्रं गोळा करणाऱ्याला कोणी हसू नये. तो चॉकलेटचा कचरा जपत नाही, चित्रपटाच्या भांडवलाची पावती जपतो.

मात्र ह्या पावत्या फार थोड्या उरल्या. चिकटचित्राचा धर्मच मुळी चिकटणं. पोराने ते मिळाल्याबरोबर दप्तराला, टेबलाला, धाकट्या भावाच्या कपाळाला चिकटवलं की त्याची गोष्ट संपली. ज्याने न सोलता, पेटीत, सपाट ठेवलं त्याचं आज मोलाचं झालं. इथे मी जरा अडखळतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा, तो 'जंगल बुक' जपानचा होता हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या काळात च्युइंगगमबरोबर मिळणारी चित्रं मी आमच्या लोखंडी कपाटाला चिकटवायचो. आईने एका दिवाळीला रॉकेल आणि नारळाची शेंडी घेऊन ती सगळी खरवडली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक अर्धं वाघाचं डोकं तेवढं वाचलं. ती चित्रं मी न सोलता ठेवली असती तर आज चार पैसे मिळाले असते हे मला कळतं. पण न सोललेलं चिकटचित्र म्हणजे न मोडलेली मुदतठेव. रक्कम शाबूत राहते, माणूस तिच्यावर एक दिवसही मजा करत नाही. तेव्हा सोलणारा मुलगा शहाणा की ठेवणारा, हा हिशेब माझ्याच्याने अजून जुळलेला नाही.

चिकटचित्रांची ही कथा, तर खुद्द सेलांचं काय झालं? शेवटच्या भागात ॲटम पृथ्वी वाचवण्यासाठी सूर्यात झेप घेतो. सेलांचा शेवट इतका भव्य नव्हता. फोटो घेऊन झाला की सेलचं काम संपलं. जपानमध्ये काय, अमेरिकेत काय, जुन्या काळी पत्रे महाग म्हणून कित्येक ठिकाणी ते धुऊन पुन्हा वापरत. धुण्यात अर्थ राहिला नाही तेव्हा ते कारखान्याचा कचरा झाले. बँकेतली उडणारी-पळणारी चित्रं तेवढी कपाटात राहिली, तीसुद्धा मालिका चालू होती तोवर. १९३ भागांना दीड-दीड हजार धरले तरी गुणाकार २,८९,५०० येतो. बँकेमुळे त्यातले पुष्कळ वजा करा. तरी उरलेला आकडा कारकुनाचे डोळे फिरवणारा आहे.

तेझुकांनी १९७१ मध्ये मुशीचं अध्यक्षपद सोडलं आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं. काटकसर, चॉकलेट, बँक, सगळं करून दिवाळं. मालिका स्वस्तात विकण्याची जी सवय त्यांनीच बाजाराला लावली तिचा त्यातला वाटा किती, यावर जपानात आजही लोक भांडतात. अमेरिकेत ॲटमला इंग्रजी बोलायला शिकवणारे फ्रेड लॅड यांनी पुढे एक हकीकत सांगितली आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिकडच्या हक्कांची मुदत संपली. फिल्मची रिळं परत न्या म्हणून निरोप गेला, तर इकडे दिवाळं निघालेल्या कंपनीकडे जहाजाचं भाडं भरायला कोणी नाही. तेव्हा ती रिळं नष्ट करण्यात आली. रिळांचा मालक होता, फक्त हमालीला पैसे नव्हते. हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

पण ह्याच सुमारास उलटी गंगा सुरू झाली. ॲटम बघत वाढलेली पोरं आता कॉलेजात गेली होती. १९७४ च्या ऑक्टोबरात 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही मालिका आली, १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला आणि वयात आलेल्या ह्या पोरांनी चित्रपटगृहाबाहेर रांगा लावल्या. त्यांचे क्लब निघाले, १९७८ मध्ये 'ॲनिमेज' हे मासिक निघालं. ही पोरं स्टुडिओच्या दारात जाऊन उभी राहू लागली : "तुमचा कचरा आम्हाला द्याल का?" कचरा नेणारा आपल्या पायाने आलाय म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? गठ्ठेच्या गठ्ठे फुकट वाटले गेले. आज जे सेल शिल्लक आहेत त्यांतले कितीतरी ह्या मागत्या पोरांनी वाचवलेले आहेत.

१९८० मध्ये तोक्योच्या नाकानो भागात 'मांदाराके' नावाचं जुन्या चित्रकथांचं एक छोटं दुकान निघालं. काढणारा स्वतः चित्रकथाकार. म्हणजे आपल्या हिशेबाने रद्दीवालाच, पण जाणकार. पुढे ह्या रद्दीवाल्याचे शेअर बाजारात आले! माझं तोंड त्याच भागातून आलेलं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओ संगणकावर रंगवायला लागले आणि सेल निघायचे थांबत गेले. 'साझाए-सान' ही घरगुती मालिका तेवढी हट्टाने सेलवर चालू होती. तिनेही सप्टेंबर २०१३ मध्ये हात टेकले. नवा पुरवठा बंद आणि मागणी कायम. मग भावाचं काय होतं ते बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालाच शिकवतात.

किती होतं, त्याचं एक उदाहरण देतो. मे २०१८ मध्ये पॅरिसला आर्तक्युरिआल ह्या लिलावगृहात ॲटमच्या चित्रकथेचं एक मूळ पान विकलं गेलं. सेल नव्हे, तेझुकांनी स्वतः काढलेलं, १९५६-५७ च्या सुमाराचं, सहा चौकटींचं एक पान. अंदाज होता ४० ते ६० हजार युरोंचा. हातोडा पडला आणि वरचे आकार धरून किंमत झाली २,६९,४०० युरो. आपले दोन कोटींच्या वर. मुशीचं दिवाळं निघालं तेव्हा ही बातमी कोणी धनकोंना सांगितली असती, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

एवढं सगळं झाल्यावर मी आमच्या तोंडाकडे जरा आदराने बघू लागलो. तर एक दिवस सौ. म्हणाली, "अहो, ह्या कपाटात लोणच्याचा वास कुठून येतोय?" लोणचं नव्हतं, तोंड होतं. सेल्युलोज ॲसिटेट जुनं झालं, त्यातून दमट हवेत राहिलं, की हळूहळू विघटित होतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, सुटतं. हे आम्ल साठलं की विघटन आणखी जोरात होतं आणि शेजारच्या सेललाही बाधा होते. पत्रा आक्रसतो, वाकतो, रंग सुटून येतो. उपाय म्हणजे थंड, कोरडी, अंधारी जागा, मोकळी हवा आणि मध्ये आम्लविरहित कागद. थंड आणि कोरडं, आणि तेसुद्धा आमच्याकडच्या जुलै महिन्यात! इथे माणसांचे पापड होत नाहीत हेच नशीब. तरी मी ते तोंड कपाटाच्या वरच्या फळीवर, हवेशीर, दोन कागदांत ठेवलं आहे. पण एक गोष्ट मला कळून चुकली. संग्राहक वस्तू वाचवत नाही, तिची मुदत वाढवून घेतो. आमच्याकडे जुन्या कर्जाची हप्तेबंदी नव्याने करून देतात ना, तसं.

मग हा खटाटोप करावाच कशाला, असं सौ.ने विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून मी पेपर वाचायला घेतला. पण उत्तर मला ठाऊक आहे. ते बँकेतलंच आहे.

आमच्या शाखेत जुने कागद नियमाने नष्ट करतात. ठरावीक वर्षं झाली की यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या आणि कागद तुकडे करून द्यायचे. ते करावंच लागतं, नाही तर बँकेत बसायला जागा राहणार नाही. काही वर्षांपूर्वी एक आजी आल्या. त्यांचे यजमान आमचे जुने खातेदार. जाऊन बरीच वर्षं झालेली, खातं केव्हाच बंद. त्यांना पैसे नको होते. म्हणाल्या, "ह्यांची सही असलेला एखादा कागद असेल तर बघता का? जागा बदलताना सगळं गेलं. ह्यांच्या हातचं एक अक्षर घरात राहिलं नाही."

मी शोधलं. खातं उघडल्याचा फॉर्म आणि नमुना सहीचं कार्ड मागच्याच वर्षीच्या यादीत गेलं होतं. यादीखाली दोन सह्यांपैकी एक माझी होती. सगळं अगदी नियमाप्रमाणे. मी तसं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. मग काउंटरच्या लाकडावर हात ठेवून म्हणाल्या, "हे टेबल तरी तेच आहे का हो? इथेच उभे राहून लिहायचे."

टेबल ते नव्हतं. दोन वेळा नूतनीकरण झालं होतं. मी "हो, तेच" म्हणालो. नोकरीत मी केलेली ती एकमेव खोटी नोंद. त्या जरा वेळ हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

त्या कार्डाची पुस्तकी किंमत काय होती? काहीच नाही. मुशीच्या गोदामातल्या सेलांचीही काही नव्हती. किंमत कधी, कुठून आणि कोणाच्या रूपाने काउंटरवर येऊन उभी राहील हे यादी करणाऱ्याला त्या दिवशी कळत नसतं, आणि यादी तर करावीच लागते. म्हणून जगात दोन्ही जातीची माणसं हवीत, यादीवर सही करणारी आणि स्टुडिओच्या दारात "तुमचा कचरा द्या" म्हणून उभी राहणारी. मी जन्मभर पहिल्या जातीत काढलं.

ॲटमचं पुढे बरं झालं. चित्रकथेप्रमाणे त्याचा जन्म ७ एप्रिल २००३ चा. तो दिवस खरोखरच उजाडला तेव्हा सैतामाच्या नीझा शहराने त्याला रहिवासी म्हणून रीतसर नोंदवून घेतलं. तेझुका ९ फेब्रुवारी १९८९ लाच गेले होते, त्यांना काही हे बघायला मिळालं नाही. तोक्योतल्या ताकादानोबाबा स्टेशनवर गाडी सुटताना ॲटमच्या मालिकेची धून वाजते. भाचा रोज तिथूनच गाडी पकडतो. ज्याला बापाने सर्कशीला विकलं त्याला अखेर सरकारी कागदावर पत्ता मिळाला.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, त्या तोंडाचे डोळे सापडलेत एका दुकानात. त्याच मालिकेतले. आणू का?" मी सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "आणू दे. निदान बोलताना समोर बघेल तरी."

तोवर घरच्या वस्तूंच्या वहीत मी नोंद करून ठेवली आहे. तोंड, जपानी, नग एक. अर्धं उघडं. पुस्तकी किंमत : रुपये एक फक्त.